मुक्याबहिऱ्यांची शाळा व तिच्यापुढील वाट

आमच्या मंदिराचा व धर्मगुरूंचा इतिहास वाचकांस या पुस्तिकेंत अन्यत्र मिळेलच. आम्ही येथें निराळा विषय घेत आहों : ज्या मुलांस मुखानें बोलतां येत नाहीं, त्यांचें म्हणणें शाळेनें कसें ऐकिलें, किंवा ऐकिलें नाहीं. हा इतिहास आम्हां कॅथलिकांस परका नाहीं.

सुमारें १७६० सालीं पॅरिस शहरीं आबे द लेपे या धर्मगुरूनें बहिऱ्या मुलांस शिकविण्यास आरंभ केला. हीं मुलें आपसांत ज्या खुणांनीं बोलतात त्याच खुणांच्या द्वारें त्यांस शिकवावें, असें त्याचें मत होतें. मुलानें आपल्याकडे यावें म्हणून तो वाट पाहात बसला नाहीं. तो स्वतःच मुलाकडे गेला.

हिंदुस्थानांत हें कार्य मुंबईस सुरू झालें. येशूसंघीय बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें १८८५ च्या सुमारास तेथें मुक्याबहिऱ्यांची शाळा निघाली; देशांतील ही पहिली शाळा समजतात. १८८७ सालीं म्यूरिनसाहेब मॉरिशस बेटांतील पोर्ट लुई येथें गेले. शाळा मात्र राहिली.

परंतु काळ खुणांस अनुकूल नव्हता. १८८० सालीं मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेनें खुणा टाकून ओठ वाचण्याची व मुखानें उच्चार करण्याची पद्धति श्रेष्ठ ठरविली होती. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकूं येणारे, आणि परिणाम भोगणारे बहिरे! कित्येक पिढ्या मुलांचे हात जणूं बांधले गेले. अखेर २०१० सालीं व्हँकुव्हर येथील परिषदेनें या ठरावाबद्दल खेद प्रकट केला. एकशें तीस वर्षें हा कालावधि थोडा नव्हे.

ज्यांस ऐकूं येतें पण हात, पाय व जीभ ज्यांच्या स्वाधीन नाहींत, त्यांची वाट याहून खडतर. श्रीमती मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईस स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली, ती अशाच आपल्या कन्येमुळें. त्या कन्येनें, मालिनी चिब यांनीं, करंगळीनें एकेक अक्षर दाबून आपलें आत्मचरित्र लिहिलें. तें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. त्या पदवीधर झाल्या त्या सेंट झेवियर्स कॉलेजांतून, जें १८६९ सालीं म्यूरिनसाहेबांच्याच कारकीर्दींत निघालें होतें.

आतां २०१६ चा दिव्यांगांचा कायदा आहे. खुणांची भाषा, ब्रेल व वाचेस पूरक असे इतर मार्ग यांस शिक्षणांत उत्तेजन देणें हें त्यानें शासनाचें व स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविलें आहे. मुंबईच्या आय. आय. टी.त चित्रावर बोट ठेवितांच शब्द उच्चारणारें 'जेलो' हें साधन तयार झालें असून तें मराठींतही बोलतें.

मग आमच्या मुळशीचें काय? डोंगरउतारावरील वाड्या, जलाशयाचा वळसा आणि आषाढांतील पाऊस! तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास घरीं शिकण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीनें मिळाली खरी. पण ज्या वाडीहून शाळेपर्यंत वाहन नाहीं, तेथें मुभेची सक्ती होण्यास वेळ लागत नाहीं.

यंत्र नसल्यास पुठ्ठाही चालतो. त्यावर 'पाणी', 'दुखतें', 'पुन्हां सांगा', 'नको' अशीं चित्रें काढावीं. बोट उचलत नसेल तर दोन चित्रें दूर दूर धरून मुलाची दृष्टि कोठें ठरते तें पाहावें. खरें कौशल्य वाट पाहाण्यांत आहे. गुरुजी घाईनें स्वतःच उत्तर देतात व मूल गप्प बसावयास शिकतें. वर्गांतील इतर मुलांनींही तोच पुठ्ठा वापरावा, म्हणजे तो एकट्याचा शिक्का राहात नाहीं. 'नको' हें चित्र लोक बहुधा शेवटीं काढतात, कित्येक तर काढीतच नाहींत. १९२१ सालीं धरणास 'नको' म्हणून सत्याग्रह करणाऱ्या या खोऱ्यांत तरी तें पहिलें असावें, असें आम्हांस वाटतें. आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतही असा एक पुठ्ठा ठेवण्यास खर्च तो किती येणार?