उत्तर नसलेली गणितं

पनवेलला वडाळे तलावाजवळ मी अभियांत्रिकीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. प्रोग्रामचं बीजगणित सुरू करायच्या आधी त्यांना 'लीलावती'तलं एक उदाहरण घालते. एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिनाने गुणलं, शून्याने भागलं, 63 आले. संख्या कोणती? मुलं पहिल्याच पायरीवर अडतात. शून्याने गुणल्यावर उरलं काय?

भास्कराचार्यांचं उत्तर आहे 14. पुढे गणित बाकी असेल तर शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य करायची नाही, 'खगुण' म्हणून धरून ठेवायची. नंतर शून्याने भागलं की ती होती तशी हाती येते. 'लीलावती' हा त्यांचा 1150चा ग्रंथ. त्याआधी, 628मध्ये, ब्रह्मगुप्तांनी शून्य भागिले शून्य म्हणजे शून्यच, असं ठरवून टाकलं होतं. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आणि ती अनंत मानली.

संगणकात हा प्रश्न नव्याने आला. 1985च्या आयईईई 754 मानकाने फ्लोटिंग-पॉइंट संख्यांसाठी 1 भागिले 0 याला अनंत मानलं. म्हणजे खहराचीच वाट. पण प्रोग्राममध्ये भागाकार एकटा नसतो. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेल्या घटकांची थप्पी; ती रिकामी असताना तिच्यातून वरचा घटक काढायला सांगितला तर काय द्यायचं? 1970च्या दशकात त्यासाठी 'चूक' नावाचा एक जादा घटक घालून पाहिला गेला. मग बेरीज, तुलना, साठवण, प्रत्येक क्रियेने त्या घटकाशी कसं वागायचं याचे नियम लिहीत बसावं लागलं, आणि मूळ प्रोग्राम त्यांच्याखाली दिसेनासा झाला.

जर्मनीत पेटर बुर्मायस्टर (1986) आणि होर्स्ट रायखेल (1987) यांनी आंशिक बीजगणितावर पुस्तकं लिहिली. त्यात क्रियेला सगळीकडे उत्तर असण्याची सक्ती नाही. ती कुठे लागू आहे तेवढं सांगायचं. बाकीची जागा रिकामी. मला ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते. ब्रह्मगुप्तांसारखं शून्य ठेवलं, तर चुकीचा आकडा पुढच्या हिशेबात शिरतो आणि कोणाला कळतही नाही.

या बीजगणितात 'क्ष = क्ष' हे विधानसुद्धा आपोआप खरं नसतं; ते खरं म्हणजे क्ष अस्तित्वात आहे. रिकाम्या स्टॅकचा वरचा घटक स्वतःइतका आहे, हे इथे खोटं ठरतं. त्यावर मुलं माझ्याशी तावातावाने भांडतात, आणि त्या दिवशी पुढचा धडा मी घेत नाही.