सुवर्णताऱ्याच्या माता आणि दुसरे जहाज



व्याख्यानमालेच्या चालकांनी इतिहासावर बोलावयास सांगितले तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. तेव्हा तह आणि सनावळ्या विद्वानांकडे ठेवून आम्ही एका प्रवासाची हकिगत सांगणार आहोत. प्रवास अमेरिकेहून फ्रान्सला झाला, सरकारी खर्चाने झाला, आणि त्यात प्रवासी होत्या त्या बहुतेक म्हाताऱ्या आया.

पहिल्या महायुद्धात ज्या अमेरिकन घरातला मुलगा सैन्यात गेला, त्या घराच्या खिडकीत निळ्या ताऱ्याचे निशाण लावीत. मुलगा कामास आला की निळ्या ताऱ्याच्या जागी सोनेरी तारा येई. अशा आयांना ‘गोल्ड स्टार मदर्स’, म्हणजे सुवर्णताऱ्याच्या माता, म्हणू लागले. युद्ध संपल्यावर पुष्कळ शवे मायदेशी आणली गेली. तरी सुमारे ३० हजार सैनिक युरोपच्याच मातीत राहिले. त्यांच्या आयांना आणि पुनर्विवाह न केलेल्या विधवांना एकवार ती माती दाखवून आणावी, असा कायदा अमेरिकन काँग्रेसने मार्च १९२९ मध्ये केला. ७ मे १९३० रोजी पहिले जहाज निघाले, आणि १९३३ पर्यंतच्या चार उन्हाळ्यांत साडेसहा हजारांवर स्त्रिया जाऊन आल्या. सगळी व्यवस्था लष्कराने केली. गावापासून आगगाडीचे तिकीट, न्यूयॉर्कात मुक्काम, बरोबर परिचारिका, आणि कबरीशी बसण्यासाठी घडीची खुर्चीसुद्धा! एखाद्या सरकारने गरिबाघरच्या आईसाठी एवढे केले, याबद्दल त्याला दाद दिली पाहिजे.

कायद्यात रंगाचा शब्द नव्हता. परंतु १९३० च्या वसंतात युद्धखात्याने ठरविले की कृष्णवर्णीय माता वेगळ्या तुकड्यांतून जातील.

त्यांचे मुलगे कोण होते, हे आधी सांगितले पाहिजे. या युद्धात सुमारे दोन लक्ष कृष्णवर्णीय अमेरिकन युरोपात गेले. बहुतेकांच्या हातात बंदूक देण्याऐवजी फावडे दिले. ब्रेस्ट, सेंट नाझेर या बंदरांत जहाजे उतरविणे, रस्ते दुरुस्त करणे, ही त्यांची लढाई. ज्या थोड्यांना लढू दिले, त्यांतली हार्लेमची ३६९ वी पलटण अमेरिकन सेनापतींनी फ्रेंचांच्या हवाली केली. ती १९१ दिवस आघाडीवर राहिली आणि फ्रेंचांचे मानाचे पदक घेऊन परतली. रोमान्ये या गावी १४ हजारांवर अमेरिकन सैनिकांचे दफनस्थान आहे. १९१९ साली रणांगणात जागोजाग पुरलेली प्रेते उकरून तेथे आणण्याचे काम कोणाकडे दिले होते? कृष्णवर्णीय पलटणींकडे. गोऱ्याचे प्रेत काळ्याने उचलावे, यास कोणाची हरकत नव्हती. आणि त्या दफनस्थानात कबरींच्या रांगा रंगाप्रमाणे पाडलेल्या नाहीत. मुलगे शेजारीशेजारी निजले होते. आयांनी मात्र एका जहाजात बसावयाचे नव्हते.

न्यूयॉर्कात गोऱ्या माता मोठ्या हॉटेलांत उतरल्या, कृष्णवर्णीय मातांची सोय हार्लेममधल्या, काळ्यांसाठी असलेल्या ख्रिस्ती महिला संघाच्या वसतिगृहात झाली. गोऱ्यांसाठी ‘अमेरिका’सारखी मोठी उतारू जहाजे. जुलै १९३० मध्ये निघालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय तुकडीसाठी ‘अमेरिकन मर्चंट’. माल आणि उतारू बरोबरच वाहणारी बोट. सरकारचे म्हणणे, व्यवस्था वेगळी असली तरी समान आहे. ‘वेगळे पण समान’ हा मंत्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ पासून मान्य केलेला होता. आम्ही मुंबईच्या कामगारांनी फार हसू नये. आमच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते, कारण धाग्याला तोंड लागे. १९२८ च्या संपात हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे बाबासाहेब आंबेडकरांना मांडावा लागला. पुढाऱ्यांना तो आपणहून सुचला नव्हता.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने या मातांना पत्रे धाडली. पन्नासांहून अधिक स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्याकडे गेला: भेदभावाने न्यायचे असेल तर आम्ही येत नाही. युद्धखात्याने उत्तर दिले की दुःखाच्या वेळी आपल्याच वंशाच्या सोबतीत समाधान मिळते, असे आम्ही धरून चाललो. फार गोड उत्तर! कागदावर कामगाराचेच हित लिहिणारी अशी उत्तरे आम्ही पुष्कळ वाचली आहेत.

मग काही जणींनी खरोखरच जाणे नाकारले. आणि काही जणी गेल्या. चार वर्षांत पावणेतीनशेच्या आसपास. जाणाऱ्यांवर त्यांच्याच समाजातून टीका झाली, आणि येथेच या हकिगतीने आम्हांस धरून ठेवले आहे.

वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही काम करीत होतो. मालकाने पंढरपूरची सहल जाहीर केली. कायम कामगारांना आरामगाडी. कंत्राटी झाडूवाल्यांना वेगळी, खिळखिळी झालेली गाडी. आम्ही गेटसभा घेतली. ‘एक गाडी, नाहीतर सहल नाही,’ असा ठराव हात वर करून झाला. तरी झाडूकाम करणाऱ्या एक मावशी त्या जुन्या गाडीत बसून गेल्याच. परत आल्यावर आम्ही त्यांना गेटवर चारचौघांत संपफोडी म्हटले. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, माळ माझ्या गळ्यात हाय. तुमी सहल सोडली, पन तुमचं काय गेलं?’’ आम्हांस उत्तर सुचले नाही.

बहिष्कार हे आमचे हत्यार आहे आणि तो पुकारणाऱ्या अमेरिकन पुढाऱ्यांचे म्हणणे आजही आम्हांस बरोबरच वाटते. ज्या जणी मागे राहिल्या त्यांनी मुलाच्या कबरीची भेट किंमत म्हणून मोजली. याहून मोठा संप आम्हांस ठाऊक नाही. पण ज्या गेल्या त्यांना फितूर म्हणण्यास आमची जीभ आता वळत नाही. रेघ त्यांनी ओढली नव्हती. साठीच्या घरातल्या बाईला पुन्हा फ्रान्सला कोण नेणार होते?

या तुकड्यांबरोबर सरकारने बेंजामिन डेव्हिस नावाचा कृष्णवर्णीय कर्नल दिला. (हाच पुढे १९४० साली अमेरिकन सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला.) फ्रान्समध्ये निराळ्या डब्याचा कायदा नव्हता. पॅरिसमध्ये अज्ञात सैनिकाच्या समाधीवर त्यांनी गोऱ्या मातांप्रमाणेच पुष्पचक्र वाहिले. म्हणून फ्रेंचांची आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्याच काळात आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींत ते सक्तीची मजुरी घेत होते. तरीपण दक्षिणेतल्या संस्थानात जन्म काढलेल्या बाईला परक्या देशात सरळ दाराने आत जाता येते, हा अनुभव लहान नव्हे.

परतल्यावर अनेकींनी आभाराची पत्रे लिहिली. डेव्हिस यांनाही लिहिली. सरकारला ती पत्रे सोयीची झाली: पाहा, यांची तक्रार नाही. चांगल्या फोरमनचे आभार मानणारे पत्र मालक आपल्या फायलीत कसे लावतो, हे कामगार चळवळीतल्या माणसाला सांगावयास नको. आईने आभार मानले ते कबर दाखविल्याबद्दल. दुसऱ्या जहाजाबद्दल नव्हेत.

दफनस्थानात प्रत्येकीला एक पुष्पचक्र देत. मग ती एकटी कबरीशी बसे, हवा तितका वेळ. नंतर लष्कराचा छायाचित्रकार येई. पांढरा क्रूस, शेजारी टोपी घातलेली म्हातारी. त्या छायाचित्राची प्रत तिला घरी न्यावयास मिळे.