निस्क्वाली नदीकाठची सॅमन मासेमारी : एका कराराचा अर्थ

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात निस्क्वाली नदीकाठी सॅमन पकडणे हा तेथील मूळ जमातींच्या उपजीविकेचा आधार होता. १८५४ च्या मेडिसिन क्रीक करारान्वये निस्क्वाली आदी जमातींनी बहुतांश भूमी सोडली. मात्र परंपरागत ठिकाणी इतर नागरिकांसमवेत मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्य शासनाने मत्स्यसंवर्धनाचे कारण देऊन याच मासेमारीस गुन्हा ठरविले. १९४५ मध्ये १४ वर्षांच्या बिली फ्रँक यांना नदीकाठी अटक झाली. १९६० च्या दशकात अटक पत्करून केलेली मासेमारी हेच आंदोलन बनले. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी ‘समवेत’ याचा अर्थ समान वाटा असा लावून, पकडण्यायोग्य माशांपैकी ५० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा जमातींचा मानला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय मुख्यत्वे कायम केला. हा हक्क शासनाने बहाल केलेला नव्हता, तर जमातींनी स्वतःकडे राखलेला होता, हेच या संघर्षाचे मर्म होय.