ज्यू घरात कुणी वारलं की सात दिवस दाराला कडी का लावत नाहीत?

कुणी गेल्याची बातमी आली की आपण पहिल्यांदा काय करतो? ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकतो, खाली हात जोडलेले इमोजी, झालं. पण प्रत्यक्ष त्या घरी जायची वेळ आली की पाय जड होतात. जाऊन बोलायचं काय? किती वेळ बसायचं? आणि ज्याच्या घरात दुःख झालंय त्याने आलेल्यांचं आदरातिथ्य करायचं की रडायचं?

ज्यू समाजाने या अवघडलेपणाची सोय फार पूर्वीच लावून ठेवली आहे. तिचं नाव शिवा. नावावरून गोंधळ नको, हिब्रू भाषेत शिवा म्हणजे सात. दफन झाल्यापासून सात दिवस घरच्यांनी घरातच बसायचं आणि बाकी समाजाने त्यांच्याकडे यायचं.

मृत्यू आणि दफन यांच्यामधल्या काळाला अनिनूत म्हणतात. दफन शक्य तितक्या लवकर करतात, बऱ्याचदा 24 तासांच्या आत. या काळात घरच्यांना रोजच्या प्रार्थनेतूनसुद्धा सूट असते. मनुष्य आत्ता देवाशी बोलण्याच्या अवस्थेत नाही, हे धर्मानेच मान्य केलंय म्हणा ना.

मृतदेहाची तयारी ‘खेव्रा कादिशा’ नावाची मंडळी करतात. ही गावातली, मोहल्ल्यातली साधी माणसं असतात. पुरुषाला पुरुष, बाईला बाया आंघोळ घालतात आणि साधं पांढरं कफन नेसवतात. कफनाला खिसा नसतो. गरीब असो की श्रीमंत, कफन सारखंच. या सेवेला ते ‘खरा दयाधर्म’ म्हणतात, कारण मेलेला माणूस उपकार फेडू शकत नाही.

दफनाच्या वेळी जवळचे नातेवाईक अंगावरचा कपडा फाडतात. आई किंवा वडील गेले असतील तर डावीकडे, हृदयाच्या बाजूला. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि नवरा किंवा बायको, एवढ्याच नात्यांना शिवा पाळणं बंधनकारक आहे.

पहिला घास शेजाऱ्यांचा

स्मशानातून घरी आल्यावरचं पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःचं खायचं नाही, असा नियमच आहे. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणायचं. त्यात उकडलेली अंडी आणि मसूर असतात. दोन्ही गोल, आयुष्याच्या फिरत्या चाकासारखे. आपल्याकडेही मयताच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भाकरी येते, त्यामुळे मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. दुःखात माणूस जेवायचं टाळतो. पण कुणी घरून करून आणलेलं ताट समोर ठेवलं की दोन घास पोटात जातात.

पुढचे सात दिवस घरात एक दिवा तेवत ठेवतात. आरसे झाकतात, म्हणजे आपण कसे दिसतो याचा विचार नको. दाढी नाही, कामधंदा नाही, चामड्याची चप्पल नाही. बसायचं ते बुटक्या स्टुलावर, जमिनीच्या जवळ. बाहेरचं दार अनेक घरांत नुसतं लोटलेलं असतं. येणाऱ्याने बेल वाजवायची नाही, सरळ आत यायचं. यजमान म्हणून उठून दार उघडायची जबाबदारी घरच्यांवर नको, हा त्यामागचा हेतू.

आत गेल्यावर आधी गप्प बसायचं. घरचा माणूस बोलेल तेव्हाच आपण बोलायचं. या प्रथेचं मूळ बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत सापडतं. त्याचं सगळं गेल्यावर मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. (पुढे ते बोलायला लागले आणि सगळं बिघडलं, ते वेगळं.) घरचा माणूस बोलायला लागला की विषय बहुतेक गेलेल्या माणसाचाच निघतो. जुने फोटो, त्याचे किस्से, कधी हसणंसुद्धा.

दहा माणसं कुठून आणायची?

माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे काद्दिश. मुख्यतः अरामी भाषेतली ही प्रार्थना मेलेल्यांसाठी म्हटली जाते, पण तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. आहे ती देवाची स्तुती. आणि ती एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी किमान दहा प्रौढ लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. सनातनी ज्यू फक्त पुरुष मोजतात, सुधारणावादी पंथ बायकांनाही मोजतात.

आता हिशेब करा. घरात दोनच मुलं उरली असतील, तर रोज निदान आठ लोकांनी त्यांच्यासाठी यायलाच हवं. आई-वडिलांसाठी काद्दिश 11 महिने म्हणतात, म्हणजे शिवा संपल्यावरही दुःखी माणसाला घराबाहेर पडून माणसांत जावंच लागतं. 2020 मध्ये कोरोनात लोक झूमवर शिवा बसले, तेव्हा स्क्रीनवरची दहा डोकी मिन्यान धरायची का, यावरून रब्बींमध्ये मोठे मतभेद झाले.

आपल्या कोकणात हा प्रश्न त्याच्याही आधीपासून आहे. मराठी ही मातृभाषा असलेला बेने इस्राएल समाज इथलाच. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. पेणकर, रोहेकर अशी त्यांची गावावरूनची आडनावं. अलिबाग, पेण, रेवदंडा इथं त्यांची सिनेगॉग आहेत. 1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली की सिनेगॉगची इमारत शाबूत असूनही दहा माणसं जमवणं अवघड होतं. मग कुणाच्या घरी मयत झाली की काद्दिशसाठी बाहेरगावाहून माणसं बोलवावी लागतात.

सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळच बसतात. मग घरचे उठतात आणि बरेच जण घराभोवती किंवा गल्लीतून एक फेरी मारून येतात. दुखवटा मात्र लगेच संपत नाही. 30 दिवसांपर्यंत ‘शलोशीम’ असतो, त्यात काम सुरू होतं पण समारंभ टाळतात. आई-वडिलांसाठी वर्षभर. मध्ये शब्बाथ आला तर उघड शोक त्या दिवसापुरता थांबतो.

तुमच्या ओळखीच्या ज्यू घरी जायची वेळ आली तर फुलं किंवा हार नेऊ नका, ती पद्धत नाही. कबरीवरसुद्धा फुलांऐवजी छोटा दगड ठेवतात. खायला न्यायचं असेल तर आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा, कोशर पाळणाऱ्यांना बाहेरचं सगळं चालत नाही. फार वेळ बसू नका. निघताना युरोपीय वळणाचे ज्यू एक ठरलेलं वाक्य म्हणतात. त्याचा आशय असा की यरुशलेमसाठी शोक करणाऱ्या सगळ्यांबरोबर देव तुमचंही सांत्वन करो. ते येत नसेल तर नुसतं ‘येतो’ म्हणून उठलात तरी चालतं. घरच्यांनी दारापर्यंत सोडायला यायचं नसतं, त्यामुळे ते बसूनच राहिले तर वाईट वाटून घेऊ नका.