गंजिफा : जुने, नवे आणि खोटे

हस्तलिखिताचा काळ ठरविताना अभ्यासक कागद, शाई, अक्षरांचे वळण आणि शेवटची पुष्पिका यांची साक्ष एकमेकींशी ताडून पाहतो. सावंतवाडीच्या गंजिफांचा एखादा संच 'शंभर वर्षांपूर्वीचा' म्हणून समोर आला, तर त्यालाही हीच शिस्त लावावी, असे आम्हांस वाटते.

दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने मिळून बारा, म्हणजे एकूण 120 गोल पाने. मोगल गंजिफेत आठ रंगांची 96. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन, घोटून चिताऱ्याने हाताने चित्र काढावे आणि लाखेने चकाकी आणावी, ही जुनी रीत.

येथे एक घोटाळा आधी दूर केला पाहिजे. जपानी व चिनी 'लॅकर' हा झाडाचा रस, तर आपली लाख किड्यापासून मिळते. ती स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवून केलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे, नासधूस होय. अतिनील प्रकाशात लाख नारिंगी छटेने उजळते. पण त्यातून द्रव्य कळते, वय नव्हे. लाख आजही वापरतात, आणि जुन्या वस्तूवर नवा हातही फिरलेला असतो. रंगाची साक्ष अधिक पक्की. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. एकोणिसाव्या शतकातील म्हणविणाऱ्या पानाच्या मूळ चित्रात तो सापडला, तर दावा तेथेच संपतो. झीजही बोलते. खेळलेल्या पानाची कड बोटांच्या जागी झिजते. मुद्दाम जुने केलेले पान सर्वत्र सारखेच मळकट दिसते.

तरीही एका पानावरून संचाचा निवाडा करू नये. हरवलेले पान पुन्हा रंगवून घेतलेले असू शकते. पोथीतही एखादे पत्र दुसऱ्या हाताचे असतेच.

मग नवे ते खोटे काय? तसे नाही. ही कला विझू लागली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1971 मध्ये सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा आश्रय दिला. तेथील गंजिफा नव्या आहेत आणि नव्या म्हणूनच विकल्या जातात. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुष्पिकेत ते वर्ष नोंदले. त्या प्रतीला कोणी बनावट म्हणत नाही, कारण तिने आपला काळ लपविला नाही. खोटेपणा नकलेत नसतो, पुसलेल्या तारखेत असतो. आणि ती तारीख पुसली गेली की दोघांवर अन्याय होतो: जुन्या चिताऱ्यावर, ज्याचे काम संशयात सापडते, आणि आजच्या चिताऱ्यावर, ज्याचे श्रम दुसऱ्याच्या नावावर जमा होतात.