विमान देखभाल तंत्रज्ञ (घाटकोपर)

विमानाची तपासणी, दुरुस्ती आणि भागांची अदलाबदल करणारा प्रशिक्षित कारागीर. त्याच्या कामावर देखरेख करणारा परवानाधारक म्हणजे एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनीअर, बोलण्यात ‘एएमई’. चाक तंत्रज्ञ बदलतो, बोल्ट ठरलेल्या जोराने तोच आवळतो. पण विमान उडण्यास योग्य असल्याच्या दाखल्यावर सही एएमईची लागते. या क्षेत्रात कारकीर्द घडवणे म्हणजे त्या सहीचा अधिकार कमावणे.

घाटकोपरचा या व्यवसायाशी संबंध रोजचा आहे. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने याच उपनगरावरून खाली येतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा–घाटकोपर मेट्रोने विमानतळाचा परिसर जवळ आला. कालिना भागात एअर इंडियाची जुनी हँगर आहेत. जुहू येथे १९२८ चा विमानतळ आहे. त्याच वर्षी स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब वैमानिकांबरोबर एएमईचेही शिक्षण देत आला आहे.

२८ जून २०१८ रोजी दुपारी जुहूहून चाचणी उड्डाणासाठी निघालेले बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० हे छोटे विमान घाटकोपर पश्चिमेच्या जीवदया लेनमध्ये, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात कोसळले. ते पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे होते आणि दुरुस्तीनंतर त्याची चाचणी चालली होती. विमानातील चौघे आणि जमिनीवरील एक जण मरण पावले. त्या चौघांत दोन वैमानिक होते, एक देखभाल इंजिनीअर आणि एक तंत्रज्ञ. या अपघाताची आठवण वैमानिकांच्या संदर्भात निघते. हँगरमधली दोन माणसेही त्याच उड्डाणात होती, हे नोंदवले गेलेच पाहिजे. दुरुस्त केलेले यंत्र पहिल्यांदा हवेत जाते तेव्हा या पेशाचा धोका जमिनीपुरता राहत नाही.

परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हा नेहमीचा पाया. परवान्याचे वर्ग असे : ‘ए’ मध्ये मर्यादित, नेहमीची लाइन-कामे (उड्डाणांच्या दरम्यानची देखभाल); ‘बी१’ मध्ये इंजिन, सांगाडा व यांत्रिक प्रणाली; ‘बी२’ मध्ये विद्युत व एव्हिऑनिक्स; ‘सी’ मध्ये हँगरमधील मोठ्या देखभालीनंतर संपूर्ण विमानाचे प्रमाणन. प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे विषयघटकाच्या, परीक्षेत ७५ टक्के गुण लागतात. याशिवाय चालू विमानांवर प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लॉगबुकात नोंदवून साक्षांकित करून घ्यावा लागतो. इथेच बरीच मुले अडकतात. प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र हातात येते, मॉड्यूल मात्र राहून जातात. मग वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या सहीखाली काम. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी म्हणजे हा परवाना नव्हे, हेही अनेक पालकांना प्रवेशानंतर कळते. प्रवेश घेण्याआधी संस्थेला सीएआर-१४७ ची (देखभाल-प्रशिक्षण संस्थांसाठीच्या डीजीसीएच्या नियमाखालील) मान्यता आहे का आणि विद्यार्थ्याला खरे विमान हाताळायला मिळते का, हे विचारणे आवश्यक.

परवान्यानंतरही विशिष्ट विमानप्रकाराचे (उदा. एअरबस ए३२०) टाइप रेटिंग आणि कंपनीची अधिकारपत्रे लागतात. तोवरचा काळ कमी पगाराचा, पाळ्यांचा असतो. मुंबईत विमाने रात्री थांबतात, म्हणून लाइन-देखभालीचे पुष्कळसे काम रात्रीच होते : टायरची झीज, ब्रेक, तेलाची पातळी, पक्षी आदळल्याच्या खुणा. समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे गंजाकडे सतत लक्ष ठेवावे लागते. पाळी संपताना प्रत्येक हत्यार मोजून परत ठेवले जाते, कारण इंजिनात राहिलेला एक पाना विमान पाडू शकतो. नियंत्रण-प्रणालीवरील काम दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासायचे असते. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे इथे नियमानेच मान्य केले आहे. झालेली चूक लगेच सांगणारा तंत्रज्ञ कुशल हातांच्या पण गप्प बसणाऱ्या तंत्रज्ञापेक्षा मोलाचा.

नोकऱ्या विमान कंपन्यांत, एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेससारख्या देखभाल संस्थांत, जुहूच्या हेलिकॉप्टर कंपन्यांत मिळतात. वायुसेनेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञही या क्षेत्रात येतात. नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियाचे मोठे देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यामुळे घाटकोपरच्या उमेदवारासाठी खाडीपलीकडची नोकरीही आता आवाक्यातली आहे.