रामापूरचा निरोप्या

बऱ्हाणपूर हे मोगल अमदानीत खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. 1631 साली मुमताजमहल याच शहरी निवर्तली आणि तापीच्या पैलतीरी, झैनाबादच्या बागेत, तिला प्रथम दफन करण्यात आले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच सुमारास, 1630 ते 1632 या काळात, गुजरात व दख्खन यांवर भीषण दुष्काळ कोसळला होता. बादशहाने बऱ्हाणपुरात अन्नछत्रे उघडली, याची नोंद दरबारी इतिहासकारांनी करून ठेविली आहे. त्या अन्नछत्रांच्या दाराशी येऊन उभे राहिलेल्या कुणब्यांपैकी मात्र एकाचेही नाव आज कोणास सांगता येत नाही. राणीला मकबरा मिळाला, दात्याला इतिहासकार मिळाला. शेतकऱ्याच्या वाट्याला विस्मृती आली.

इतिहासाची ही रीत तीनशे वर्षांनंतरही फारशी पालटली नाही. याच खानदेशात, धुळे जिल्ह्यातील चिमठाणे येथे, 14 एप्रिल 1944 रोजी सरकारी खजिना लुटला गेला. नागनाथअण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड हे त्या धाडसातील अग्रणी. ही माणसे कृष्णाकाठची, साताऱ्याच्या प्रतिसरकारची. त्यांची नावे इतिहासात योग्य त्या मानाने नोंदली गेली आहेत. परंतु असल्या चळवळी केवळ अग्रणींच्या बळावर चालत नसतात. भूमिगतांना निरोप कोणी पोहोचविले, रानात लपलेल्यांच्या हाती भाकरी कोणी ठेविली, हेही विचारावयास हवे.

या प्रश्नाचे एक उत्तर गणपती यादव हे होय. 1920 साली जन्मलेले हे शेतकरी कडेगाव तालुक्यातील रामापूरचे. हा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज तो सांगलीत आहे. बेचाळीसच्या ऑगस्टात ‘चले जाव’ची हाक उठली आणि पाठोपाठ तासगाव, वडूज, इस्लामपूर येथे शेतकऱ्यांचे मोर्चे कचेऱ्यांवर चालून गेले. वडूज येथे 9 सप्टेंबर रोजी गोळीबारात नऊ जण धारातीर्थी पडले. मोर्चांचा मार्ग खुंटला, तेव्हा तरुण भूमिगत झाले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1943 साली प्रतिसरकार उभे राहिले. त्याने गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकारी जाचाला पायबंद घातला, अल्प खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावून दिले. तुफान सेना हे या सरकारचे सशस्त्र अंग. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविण्यात आली. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजेच रामचंद्र श्रीपती लाड, हे त्या धाडीतील एक प्रमुख.

या साऱ्या व्यवहारात यादवांकडे काम होते ते निरोप्याचे. कधी पायी, पुढे सायकलवरून, ते भूमिगतांना चिठ्ठ्या व शिदोरी पोहोचवीत. वरकरणी हे काम सामान्य वाटते; परंतु भूमिगतांचा जीव अशाच माणसाच्या मौनावर टांगलेला असतो. निरोप्या सापडला की आश्रयस्थान सापडले. म्हणून त्याने कोणाच्या डोळ्यांत भरू नये, रस्त्याने जाणाऱ्या चारचौघा कुणब्यांसारखेच दिसावे, यातच त्याचे खरे कौशल्य. नांगर धरणाऱ्या हातांचा माणूस या कामी सर्वांत उपयोगी ठरतो, तो याच कारणाने.

पण जे त्या काळी त्याचे बळ, तेच पुढे त्याच्या स्मृतीचे वैगुण्य ठरते. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारने 1972 साली निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. तीत सामान्यतः सहा महिन्यांचा कारावास सोसल्याचा पुरावा मागितला जाई. भूमिगतांनाही सवलत होती. मात्र सरकारने फरारी म्हणून जाहीर केलेले असावे, डोक्यावर इनाम लागलेले असावे किंवा अटकेचा हुकूम निघालेला असावा, अशी अट होती. याचा अर्थ असा की, ज्याला पोलिसांनी ओळखले त्याचे नाव कागदावर राहिले. जो इतक्या हुशारीने वागला की पोलिसांना त्याचा सुगावाच लागला नाही, त्याच्याजवळ दाखविण्यास कागदच उरला नाही. परक्या सरकारची दप्तरे ज्यांना विसरली, त्यांना स्वकीय सरकारच्या दप्तरांनीही कसे आठवावे?

यादव यांच्या बाबतीत दैव थोडे अनुकूल झाले. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि 2018 साली त्यांची कहाणी प्रसिद्ध झाली. वय सत्त्याण्णव, आणि तरीही जुन्या सायकलवरून रोज पाचापासून वीस किलोमीटरांपर्यंत रपेट! स्वातंत्र्य आल्यावर हा सैनिक आपल्या शेताकडे परतला होता. पद नाही, पुतळा नाही. पेरणी, कापणी आणि सायकल एवढाच त्याचा संसार. ज्या वाहनावरून त्याने एके काळी क्रांतीचे निरोप नेले, त्याच प्रकारच्या वाहनावरून तो म्हातारपणी गावोगाव हिंडत होता आणि वाटेवरच्या तरुणांपैकी किती जणांना त्याची ओळख असेल, कोण जाणे.

प्रतिसरकारच्या पिढीतील बहुतेक दीप आता मालवले आहेत. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई सप्टेंबर 2021 मध्ये गेल्या. कॅप्टन भाऊ फेब्रुवारी 2022 मध्ये. अशा माणसांचा इतिहास दप्तरखान्यात सापडावयाचा नाही. तो त्यांच्या घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, त्यांना भाकरी बांधून देणाऱ्या आयाबहिणींच्या आठवणींत आहे, आणि आठवणींना आयुष्याची मर्यादा असते. प्रत्येक गावातील शाळेने आपल्या गावापुरते एक पान लिहून ठेविले, वृद्धांपाशी बसून नाव, साल आणि काम एवढे जरी टिपून घेतले, तरी पुष्कळ साधेल. बऱ्हाणपूरच्या अन्नछत्राशी उभ्या असलेल्या त्या कुणब्याला कोणी नाव विचारले नाही. रामापूरच्या निरोप्याला ते विचारले गेले, आणि म्हणूनच त्याचा निरोप पुढच्या पिढीपर्यंत पोहोचला.